छातीत गाठ, अंगात ताप: पहिलटकरणीसाठी स्तनदाहाचं मार्गदर्शन

लेकीचं बारसं बाराव्या दिवशी झालं. मे महिना, कोथरूडचं माहेर, हॉलमध्ये पन्नास माणसं. सकाळी दहाला तिला पाजलं आणि त्यानंतर अडीच वाजेपर्यंत ती माझ्या हाती आलीच नाही. कुणी ना कुणी तिला घेऊन बसलेलं, रडली की आत्या जोजवायची. माझ्या अंगात लग्नातलं ब्लाउज, दोन्ही बाजूंची शिवण उसवून कसंबसं बसवलेलं. छाती दगडासारखी झाली होती, पण ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ चालू असताना उठून आत जायचं मला सुचलं नाही.

रात्री अकराला थंडी भरून आली. पुण्यात मे महिन्यात पंखा बंद, अंगावर दोन गोधड्या आणि तरी दात वाजतायत. ताप 102.4. उजव्या छातीचा काखेकडचा भाग अर्ध्या पोळीएवढा कडक आणि कढत, हात लावू देईना. आईने आधी दृष्ट काढली. मग तव्यावर फडकं गरम करून शेकलं. सकाळी मालिशवाल्या मावशींनी तेल लावून अंगठ्याने गाठ ‘फोडून’ दिली. दुपारी नवऱ्याने पंप आणला आणि मी छाती मोकळी व्हायलाच हवी म्हणून दर दोन तासांनी तो लावत बसले. सगळ्यांनी मायेने केलं, आणि सगळं उलटं केलं. आठवड्याच्या आत आत पू झाला. सोनोग्राफीत बघून सुईने तो काढावा लागला.

तीन वर्षांनी मुलाच्या वेळी पुन्हा तसाच ठणका सुरू झाला तेव्हा दीड दिवसात उतार पडला. गोळीही फक्त दुखण्याची लागली. त्या दीड दिवसात काय केलं ते इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. कुठे थांबून डॉक्टरांकडेच जायचं, तेही खाली आहेच.

आधी ओळखायचं: हे नेमकं काय आहे

‘दूध साकळलं’ हा आपल्याकडचा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो.

बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी दोन्ही छात्या एकदम भरून येतात, ताणतात, जड होतात. ते दूध उतरणं. त्रासदायक, पण आजार नव्हे. बाळ नीट प्यायला लागलं की बसतं.

एका बाजूला एखादी लिंबाएवढी गाठ लागते, दुखते, पण ताप नाही आणि तुम्हाला एरवी बरं वाटतंय. ही दुधाच्या नळ्यांभोवतीची सूज. इथेच सांभाळलं तर पुढचं टळतं.

आणि तिसरं, एका छातीचा काप कापल्यासारखा त्रिकोणी भाग कडक, गरम, ठणकणारा. सोबत ताप, थंडी, अंग मोडून आल्यासारखं, फ्लू झाल्यासारखं. हा स्तनदाह, म्हणजे मॅस्टायटिस. बहुतेक वेळा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो, पण पाजणं चालू असेपर्यंत केव्हाही होऊ शकतो.

एक गोष्ट पुस्तकातल्या चित्रांमुळे चुकते. चित्रात छाती लालबुंद दाखवतात. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसेलच असं नाही. माझ्या उजव्या छातीवर फक्त थोडा काळपट, जांभळट, तेल लावल्यासारखा चकाकणारा पट्टा होता. आई म्हणाली, ‘लाल कुठे आहे?’ आणि आम्ही त्यावर एक रात्र घालवली. रंग बघू नका, हात लावून बघा. शेजारच्या जागेपेक्षा गरम आहे का, कातडी ताणलेली आहे का?

ताप तोंडात मोजा. भरलेल्या, सुजलेल्या छातीशेजारची काख खरा ताप आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकते.

आणि ताप आहे पण छाती मऊ आहे, कुठेही दुखत नाही, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा. बाळंतिणीला टाक्यांतून, गर्भाशयातून, लघवीच्या मार्गातूनही ताप येतो आणि तो अंगावर काढायचा नसतो. पावसाळ्यात पुण्यात डेंगीही असतोच. त्याचा गोळ्यांशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

आत काय होतं हे एकदा समजून घ्या

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. आपल्या डोक्यातलं चित्र असं असतं की दुधाची नळी म्हणजे मोरीचा पाइप, त्यात दुधाचा गोळा अडकलाय, दाबून तो बाहेर काढायचा. प्रत्यक्षात त्या नळ्या खूप बारीक असतात आणि जाळ्यासारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. अडतं ते नळीच्या आत नाही, नळीच्या भोवती. सूज येते, पाणी साचतं, आणि नळी बाहेरून चेपली जाते.

दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर बघा. रस्त्यात धोंडा पडलेला नसतो. दोन्ही बाजूंनी माणसं दाटल्यामुळे वाट उरलेली नसते. मागून कितीही हॉर्न वाजवा, किंवा आणखी चार गाड्या आत सोडा, कोंडी वाढतेच. जोरात चोळणं म्हणजे तो हॉर्न, आणि सारखा पंप लावणं म्हणजे त्या जादा गाड्या, कारण छाती जितकी रिकामी कराल तितकं दूध जास्त तयार होतं.

पूर्वी डॉक्टरही सांगायचे की शेका, चोळा, पूर्ण रिकामी करा. 2022 मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपली मार्गदर्शक सूचना बदलली आणि गार शेक, सूज उतरवणारी गोळी, बाळाच्या भुकेइतकंच पाजणं आणि जोरात न चोळणं यावर भर दिला. त्यामुळे आज एकाच इमारतीतल्या दोन डॉक्टरांकडून दोन सल्ले मिळाले तर गोंधळू नका. एक जुना आहे, एवढंच.

पहिले चोवीस तास

पाजणं चालू ठेवायचं, दोन्ही बाजूंनी, बाळाला भूक लागेल तेव्हा. नेहमीसारखंच. दुखऱ्या बाजूने जास्त नाही, कमीही नाही. दुखऱ्या बाजूने सुरुवात करवत नसेल तर आधी चांगल्या बाजूला घ्या, पान्हा फुटला की बाळ इकडे वळवा. पाजणं एकदम बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दूध आत साठून सूज वाढते आणि पू होण्याची भीतीही.

‘ते दूध बाळाला बाधेल’ असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. बाधत नाही. तापातलं, सुजेतलं दूध बाळाला चालतं. त्याची चव थोडी खारट होते म्हणून एखादं बाळ तोंड फिरवतं, तेवढंच. अशा वेळी बाळ जितकं प्यायलं असतं साधारण तेवढंच हाताने किंवा पंपाने काढा आणि वाटी-चमच्याने पाजा. पंप लावून शेवटचा थेंब काढायच्या मागे लागू नका.

आता दुखण्याची गोळी. आयब्युप्रोफेन सूज आणि दुखणं दोन्ही कमी करते, पाजणाऱ्या आईला चालते. साधारण 400 मिलिग्रॅम, पोटात काही असताना, दर आठ तासांनी. नुसत्या तापासाठी पॅरासिटामॉलही चालते. पण इथे चार गोष्टी आहेत आणि त्या वाचल्याशिवाय डबा उघडू नका.

अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, बाळंतपणात वाढलेलं बीपी, यांपैकी काही असेल तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. सिझर झालं असेल तर घरी येताना दिलेल्या चिठ्ठीत दुखण्याची गोळी बहुधा आधीच असते, तीच गोळी दुसऱ्या नावाने पुन्हा पोटात जायला नको. कॉम्बिफ्लामसारख्या गोळीत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात, तिच्यावर आणखी पॅरासिटामॉल घेताना बेरीज करा. आणि चौथी, डेंगीची. जून ते नोव्हेंबरात ताप आला, छातीची लक्षणं धड स्पष्ट नाहीत, डोळ्यांमागे दुखतंय, सोसायटीत दोन जण डेंगीने पडलेत, असं असेल तर डेंगी नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेनला हात लावू नका. तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्त तपासून घ्या.

झोप. हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे. पण या चोवीस तासांत बाळाला पाजण्याव्यतिरिक्त तुम्ही काहीही करायचं नाही. लंगोट, आंघोळ, येणारे-जाणारे, सगळं दुसऱ्याकडे. घरात दुसरं कुणी नसेल, वाकडच्या तेराव्या मजल्यावर नवरा-बायको दोघंच असाल, तर नवऱ्याने एक दिवस रजा टाकावी. ताप आलेली आई हे रजेला पुरेसं कारण आहे. पाणी तहान लागेल तसं. भाताची पेज, मुगाचं कढण, जे जाईल ते.

बर्फ, आणि घरातली माणसं

या आजारातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. बाळंतीण म्हणजे ऊब. शेगडी, ओव्याची धुरी, कानाला फडकं, गरम पाणी. सव्वा महिना गार वाऱ्याला उभं करत नाहीत. त्या घरात ‘मला छातीला बर्फ लावायचाय’ असं म्हणून बघा.

दुसऱ्या वेळी मी सासरी होते. सासूबाई जुन्नरकडच्या, आयुष्य गाईगुरांत गेलेलं. माझी छाती बघून म्हणाल्या, ‘ही तर दगडी.’ गाईची कास सुजते त्याला तिकडे दगडी म्हणतात. मला आधी राग आला, मग हसू आलं, कारण निदान अचूक होतं. मी बर्फाचं म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. मी वाद घातला नाही. पायाला मुरगळलं की आपण काय लावतो, एवढंच विचारलं. त्या गप्प बसल्या. थोड्या वेळाने फ्रीजरमधून डिसेंबरात सोलून ठेवलेल्या मटारची पिशवी काढली, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. वर म्हणाल्या, ‘आणि ते यंत्र सारखं लावू नको. धार काढायची असते, ओरबाडायची नसते.’

मटारची पिशवी बर्फापेक्षा बरी, कारण ती छातीच्या आकारात बसते. पद्धत अशी: कापडाचा एक थर मध्ये हवाच, थेट कातडीवर नाही. दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग काढा. तासा-दोन तासांनी बरं वाटत असेल तर पुन्हा. पाजून झाल्यावर लावलं की जास्त आराम पडतो. कोबीची गार केलेली पानंही चालतात. त्यात काही जादू नाही, गारवा आणि बरोबर बसणारा आकार, एवढंच. आणि नाही, यामुळे ‘दूध गोठत’ नाही, बाळाला सर्दीही होत नाही.

गरम शेक अगदीच वर्ज्य आहे का? पाजण्याआधी दोन मिनिटं कोमट पाण्याचं फडकं ठेवून पान्हा सुटायला बरं वाटत असेल तर ठेवा. पण तव्यावरचा कढत शेक, गरम पाण्याची पिशवी अर्धा तास, हे नको. सुजेला ऊब दिली की सूज वाढते.

मालिशवाल्या मावशींना काय सांगायचं? पाठ, पाय, कंबर खुशाल चोळा, छाती सोडून. काही घरांत गाठीवरून कंगवा फिरवतात, तोही नको. जोराने दाबल्याने आतल्या नाजूक पेशी दुखावतात आणि साधी सूज पुवापर्यंत जाऊ शकते. माझ्या बाबतीत नेमकं कशाने काय झालं हे कुणीच सांगू शकणार नाही, पण त्या अंगठ्यांचा ठणका मला अजून आठवतो.

हात लावायचाच असेल तर मांजराच्या पाठीवरून फिरवतो तितका हलका. बोटांनी कातडी फक्त सरकवायची, आतली गाठ दाबायची नाही. दिशा स्तनाग्राकडे नको, उलट काखेकडे आणि गळ्याजवळच्या हाडाकडे, कारण सुजेचं पाणी तिकडे वाहून जातं. निजून केलं तर आणखी चांगलं.

पोटाचा पट्टा बांधत असाल तर तो वर सरकून छातीच्या खालच्या भागाला काचत नाही ना, हे आरशात बघा. ब्रा आधार देणारी हवी, तारेची किंवा घट्ट नको.

डॉक्टरांकडे कधी

वरचं सगळं करून चोवीस तासांत ताप आणि ठणका उतरणीला लागला नाही तर जायचं. वाट बघत बसायचं नाही. काही वेळा मात्र चोवीस तासही थांबायचं नसतं: ताप 101.3 च्या पुढे आणि अंग थडथड उडतंय, स्तनाग्राला चीर आहे आणि तिच्यातून पू दिसतोय, दोन्ही बाजू एकदम सुजल्यात, दुखरा भाग बघता बघता वाढतोय, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी आहे. धाप लागली, छातीत धडधडतंय, चक्कर येतेय, बोलण्यात गोंधळ होतोय, तर रात्र असो की पहाट, थेट इस्पितळ. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

डॉक्टर तपासून अँटिबायोटिक द्यायची की नाही ते ठरवतात. प्रत्येक स्तनदाहात जंतू नसतात. नुसती सूज असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, म्हणून मेडिकलवाल्याकडून स्वतःच आणू नका, आणि बहिणीच्या उरलेल्या गोळ्या तर नकोतच. जंतू असतील तर बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाचे असतात आणि त्यांच्यावर चालणारी, पाजताना चालणारी औषधं आहेत. कोर्स साधारण दहा ते चौदा दिवसांचा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. त्या दिवसांत बाळाची शी थोडी पातळ होऊ शकते, घाबरू नका.

डॉक्टरांच्या समोर बसलात की ही वाक्यं आठवणीने बोला: ‘बाळाला अंगावर पाजतेय आणि चालू ठेवायचंय.’ ‘अमुक औषधाची मला ॲलर्जी आहे.’ ‘आत्तापर्यंत या गोळ्या घेतल्यात.’ पहिलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मला पहिल्या वेळी एका ठिकाणी ‘दूध बंद करायची गोळी देऊ का’ असं सहज विचारलं गेलं होतं, जणू नळ बंद करायचाय. स्तनदाहासाठी दूध बंद करावं लागत नाही.

अँटिबायोटिक सुरू करून 48 तासांत फरक पडला नाही, किंवा ताप गेला पण गाठ तशीच राहिली, लिबलिबीत लागायला लागली, तर सोनोग्राफी करायची. गळू झालं असेल तर छातीवर मोठा काप घेण्याची वेळ आता सहसा येत नाही. जागा बधिर करून सुईने पू काढतात, कधी दोन-तीनदा काढावा लागतो. मी सोफ्यावर बसते तशी टेबलावर बसले होते, पडद्यावर तो काळा ठिपका लहान होत गेला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मी पूर्ण श्वास घेतला. त्याच संध्याकाळी लेकीला त्याच बाजूने पाजलं. गळू असतानाही पाजता येतं, जागा स्तनाग्राच्या अगदी जवळ नसेल तर.

औषध पूर्ण होऊनही एखादी गाठ किंवा कातडीवरची सूज काही आठवडे हटत नसेल तर पुन्हा तपासून घ्या. क्वचित ते दुसरंच काही असू शकतं आणि ते लवकर कळलेलं बरं.

पुण्यात कुठे जायचं

बाळंतपण ज्या डॉक्टरांकडे झालं त्यांच्याकडे आधी. त्यांना तुमची सगळी कुंडली माहीत असते. गळूची शंका असेल तर सर्जन लागतो, स्तनांच्या विकारांचे सर्जन शहरात आहेत, तुमचे डॉक्टर चिठ्ठी देतील. स्तनपान सल्लागार, ज्यांना सगळे लॅक्टेशन कन्सल्टंट म्हणतात, त्या मोठ्या इस्पितळांत असतात आणि काही घरी येऊनही बघतात. त्या औषध देत नाहीत, पण बाळाची पकड कुठे चुकतेय ते दहा मिनिटांत दाखवतात. माझ्या मते बाळाच्या तिसऱ्या स्वेटरपेक्षा त्यांची फी हा चांगला खर्च आहे.

खासगी परवडत नसेल तर पुणे स्टेशनजवळ ससून आहे, मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये संत तुकारामनगरचं वायसीएम आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत आईची औषधं आणि तपासण्या मोफत असतात. ओपीडी सकाळची असते, लवकर जा, सोबत बाळाला धरायला एक माणूस न्या आणि डिस्चार्ज कार्ड विसरू नका. वस्तीत आशाताई येत असतील तर त्यांना सांगा. पहिल्या 42 दिवसांत घरी येऊन आई-बाळाला बघणं हे त्यांचं कामच आहे, लाजू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

मूळ बहुतेकदा पकडीत असतं. बाळ नुसतं स्तनाग्र तोंडात धरत असेल तर चिरा पडतात आणि दूधही नीट निघत नाही. बाळाचं तोंड जांभईएवढं उघडू द्या, मग त्याला छातीकडे आणा. आपण वाकून छाती त्याच्याकडे न्यायची नाही. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसणारा. प्यायल्यावर स्तनाग्र गोल बाहेर यायला हवं. लिपस्टिकसारखं तिरकं चेपून आलं तर पकड चुकली. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा. माझी लेक मांडीवर घेऊन कधीच नीट प्यायली नाही. तिला काखेत, पाय मागे करून, भाकऱ्यांची दुरडी धरावी तशी धरली की जमायचं.

दूध उतू जात असेल, रात्री कपडे भिजत असतील, तर दूध ‘वाढवणं’ थांबवा. आपल्याकडे शतावरी कल्प, अळिवाची खीर आणि मेथीचे लाडू दूध पुरत असो की नसो, सुरूच असतात. लाडू आवडतो म्हणून एखादा खा, पण कल्पाचा डबा मिटवून ठेवा. पंपाने फ्रीजर भरायची हौसही तेव्हा आवरायची. माझ्या मैत्रिणीने दोन कप्पे दूध साठवलं आणि महिन्यात दोनदा तापाने पडली.

पाजण्यात मोठा खंड पडू देऊ नका, आणि इथे बारसं पुन्हा येतं. बाराव्या दिवशी, नेमक्या नाजूक काळात, आपण घरात पन्नास माणसं बोलावतो. बोलवा, पण एक खोली फक्त आई-बाळाची ठेवा, आणि दर दोन-अडीच तासांनी ‘आता बाळाला भूक लागली’ असं जाहीर करून बाळ आईकडे आणून देणारी एक खमकी मावशी आधीच नेमा. ब्लाउज पुढून हुकाचं, सैल. मुलाच्या बारशाला मी कॉटनचा कुर्ता घातला. फोटोत बरी दिसत नाही, असं आईचं मत आहे.

कामावर परत जाताना दुसरा धोका. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असायला हवं, जिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन विरामही असतात. हे एचआरला आधीच लेखी विचारा. रजा संपण्याआधी दोन-तीन आठवडे दिवसाचं एकेक पाजणं कमी करत आणा, म्हणजे पहिल्याच दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून छाती फुटायची वेळ येणार नाही. ऑफिसात बाळ जेव्हा प्यायचं त्या वेळांना दूध काढा. काढलेलं दूध पंचविशीच्या तापमानात चार तास टिकतं, पण एप्रिलमध्ये पुणं चाळीशीला जातं, तेव्हा थेट फ्रीजमध्ये ठेवा, तिथे चार दिवस चालतं. येताना बर्फाची पिशवी.

दूध सोडवतानाही हाच नियम, हळूहळू. आठवड्याला एखादं पाजणं कमी. ‘आजपासून बंद’ असं ठरवून कडुनिंबाचा पाला लावायची जुनी पद्धत बाळाला रडवते आणि आईला तापात पाडते.

बरं झाल्यावर त्या बाजूचं दूध काही दिवस कमी येतं. बाळ तिथे कुरकुर करतं, आई घाबरून डबा उघडते. पाजत राहा, आठवडाभरात येतं. गाठीची जागा थोडे दिवस हाताला जाडसर लागते. मी रोज आंघोळीच्या वेळी दोन बोटांनी बघायचे. नवव्या दिवशी सापडली नाही, आणि मटारची ती पिशवी त्या रात्री उसळीत गेली.